म्हणे

१९७१ च्या डिसेंबरात मी तिसरीत होते आणि आमच्या घरात मर्फीचा एक रेडिओ होता. आतोबा पलटणीत होते, मराठा लाइट इन्फंट्रीत, त्यामुळे आत्या तेवढे महिने माहेरी येऊन राहिली होती. साताऱ्याच्या बाजूला यात नवल काहीच नव्हतं. आमच्या आळीत दोन घरं सोडून तिसऱ्या घरी येणाऱ्या पत्रावर ‘५६ एपीओ’ असाच पत्ता असायचा. तो लष्करी टपालाचा पत्ता आहे, त्या नावाचं गाव नकाशावर नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, ५६ एपीओ हे एक मोठं गाव असणार आणि आपल्याकडचे सगळे बाप्ये तिथे एकत्र राहत असणार.

संध्याकाळी मराठी बातम्या लागल्या की ओसरीवर दहा-बारा माणसं जमायची. आजोबा रेडिओचा कान पिळायचे आणि कुणी खोकलं तरी डोळे वटारायचे. आत्या मात्र बाहेर यायची नाही. ती आत चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची. बातम्या सुरू झाल्या की भाकरीचा थपथपाट तेवढा हळू व्हायचा. बातम्या संपल्यावर शेजारची काकू परसदारातून विचारायची, ‘काय सांगितलं गं?’

‘आपली सरशी चाललीय म्हणे.’

आजोबांना त्या ‘म्हणे’चा राग यायचा. ‘म्हणे काय? सरकारचा रेडिओ आहे तो!’

‘तेच सांगते ना मामंजी... ’ म्हणायची सवय तिला सासरी लागली होती. माहेरीही जीभ घसरायची, मग स्वतःच हसायची. ‘तेच सांगते अण्णा, रेडिओ म्हणे.’

आतोबांचं इनलँड आलं, की ते दहा-बारा दिवसांचं शिळं असायचं. ज्या दिवशी ते लिहिलं त्यानंतर काहीही झालेलं असू शकत होतं. पण पत्र वाचून आत्या सांगायची, ‘बरे आहेत.’ त्याला ‘म्हणे’ लागायचं नाही.

हा शब्द मराठीत किती काम करतो, हे त्याच्याशी भांडण होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ‘वाघ आला’ आणि ‘वाघ आला म्हणे’ यांत एक अख्खं माणूस उभं आहे. ते म्हणतं, मी पाहिलेलं नाही, मी फक्त पुढे देतेय, खात्री तुमची तुम्ही करा. आणि कर्ता? कर्ता नाहीच. कोण म्हणे, ते सांगायची सक्ती नाही. शब्द सोयीचा आहे, आणि अर्थात लबाडही.

भांडण झालं ते नोकरीत. मी एका दैनिकात उपसंपादक झाले. वर्तमानपत्राच्या भाषेत ‘म्हणे’ चालत नाही. तो ओसरीवरचा शब्द. त्याच्या जागी ‘असे समजते’, ‘असे सांगण्यात आले’, ‘असा दावा केला आहे’ अशी इस्त्री केलेली वाक्यं असतात. आमचे वृत्तसंपादक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे, ‘कोण म्हणालं ते आधी लिही. काय म्हणालं ते नंतर बघू.’

१९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या दिवसांत, माझी रात्रपाळी होती. दिल्लीतल्या रोजच्या पत्रकार परिषदेवरून वृत्तसंस्थेची कॉपी यायची, आम्ही ती मराठीत करायचो, आणि अकराच्या सुमाराला पहिलं पान सोडायचं असायचं. त्या रात्री एका शिखरावरच्या चकमकीची बातमी होती. शत्रूचे अमुक इतके सैनिक ठार झाल्याचा लष्कराचा दावा. मथळा तीन कॉलमी. पेजमेकरवर श्री-लिपीच्या ठळक अक्षरात मी तो लावला आणि ‘दावा’ बाहेर लटकत राहिला. पॉइंट कमी केला तर मथळा किडकिडीत दिसत होता. ऑपरेटर म्हणाला, ‘ताई, ते शेवटचं काढा की, बसतंय.’ मी काढलं. बसलं. ‘अमुक सैनिक ठार’. छान, भरदार मथळा.

दुसऱ्या दिवशीच्या कॉपीत आकडा वेगळा आला, कमी. डोंगरावर, रात्री, तोफांच्या धुरात कुणी किती मोजणार? लष्कर खोटं बोललं असं मी म्हणत नाही. त्यांनी आपला अंदाज सांगितला आणि वृत्तसंस्थेने तो त्यांच्या नावावर दिला. त्या अंदाजाची वस्तुस्थिती केली ती मी, आणि तीही देशप्रेमाने नव्हे, जागा पुरेना म्हणून. एकाही वाचकाचा फोन आला नाही. राशिभविष्य चुकून आदल्या दिवशीचंच लागलं होतं तेव्हा दिवसभर फोन वाजत होता.

(त्याच दिवसांत सीमेपलीकडून सांगितलं जात होतं की वर लढणारे आमचे सैनिक नाहीतच, ते मुजाहिदीन आहेत. हा दावा टिकवायचा म्हणून नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या आपल्याच कितीतरी माणसांचे मृतदेह त्यांनी घ्यायचे नाकारले. त्यांना भारतीय जवानांनी त्या उंचीवर दफन केलं. एका शब्दापायी माणसाला स्वतःची मातीही मिळाली नाही, हे मला मथळ्यापेक्षा जास्त दिवस छळत राहिलं.)

त्या रात्रीनंतर मला एक खोड लागली. युद्धाचे सिनेमे, आणि त्यातही ज्यांत पत्रकार आहे असे, मी शोधून शोधून बघायला लागले. आधी पुण्यातल्या फिल्म क्लबात, मग सीडीवर, आता फोनवर. बघताना मी एकच गोष्ट शोधत असते : यात ‘म्हणे’ कुठे आहे?

कारण सिनेमाची मूळ अडचण ती आहे. त्याला ‘म्हणे’ म्हणता येत नाही. लिहिताना ‘शिपाई पडला म्हणतात’ असं लिहिता येतं. पडद्यावर शिपाई पडतो. तो खरंच पडतो, धूळ उडते, आपण बघतो. पडद्याला एकच काळ आणि एकच खात्री माहीत असते. लहानपणी तंबूतल्या सिनेमाआधी ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ लागायची. ते धरणं, पूर, मंत्र्यांचे हार आणि तो खर्जातला आवाज! तो आवाज कधी अडखळायचा नाही, ‘बहुधा’ म्हणायचा नाही. आजोबांना हवा होता तो आवाज तोच. आणि ही परंपरा स्वातंत्र्याआधीची. दुसऱ्या महायुद्धात लोकांना युद्धाच्या बाजूला वळवायला ब्रिटिश सरकारने मुंबईत फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड काढलं, तेव्हा काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते व्ही. शांताराम. पुढे त्यांनीच सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर सिनेमा काढला, १९४६ मध्ये. परक्या सरकारचा प्रचार आणि आपल्या माणसाची गोष्ट, एकाच माणसाच्या हाताखालून दोन्ही गेलं. मला त्यात ढोंग दिसत नाही, कॅमेरा कुणाच्याही बाजूने तितक्याच खात्रीने बोलतो एवढंच दिसतं.

म्हणून युद्धपटात पत्रकाराचं पात्र आलं की मी कान टवकारते. दिग्दर्शकाने दोन पायांवर चालणारा एक ‘म्हणे’ आत सोडलेला असतो. आता त्याचं तो काय करतो?

हॉलिवूडचा नट जॉन वेनने काय केलं ते बघण्यासारखं आहे. ‘द ग्रीन बेरेज’, १९६८. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेत मोर्चे निघत होते, तेव्हा वेनने थेट अध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहून कळवलं होतं की आपल्या बाजूचा सिनेमा मला काढायचा आहे. मग पेंटागॉनने, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याने, पटकथा तपासली, हेलिकॉप्टरं दिली, माणसं दिली, जॉर्जियातला फोर्ट बेनिंगचा तळ चित्रीकरणासाठी मोकळा करून दिला. आणि या सगळ्याचं लष्कराने लावलेलं बिल साधारण १८ हजार डॉलर! ही रक्कम बाहेर आली तेव्हा तिथल्या एका लोकप्रतिनिधीने बराच आरडाओरडा केला होता.

सिनेमाची सुरुवातच पत्रकारांपुढच्या प्रात्यक्षिकाने होते. बेकवर्थ नावाचा एक वार्ताहर शंका काढतो : हे आपलं युद्ध आहे का? उत्तरादाखल एक सार्जंट पकडलेल्या शस्त्रांचा ढीग टेबलावर ओततो. ही रशियन, ही चिनी, ही झेक. वार्ताहराचं समाधान होत नाही. तेव्हा वेनचा कर्नल त्याला विचारतो, तू तिथे गेला आहेस का? गेलेला नसतो. मग जातो. तिथे गावच्या म्होरक्याची लहानगी नात मारली जाते. वार्ताहर बघतो. वार्ताहर गप्प होतो. वार्ताहर मातीची पोती उचलायला लागतो. शेवटी कर्नल विचारतो, आता पेपरात काय लिहिणार? त्यावर तो म्हणतो, जे वाटतं ते लिहिलं तर नोकरी जाईल.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा हसले होते. दुसऱ्यांदा बघताना माझ्या डेस्कवरच्या डोक्यात एक गोष्ट आली : या माणसाने अख्ख्या सिनेमात एकही बातमी पाठवलेली दिसत नाही. तो येतो, बघतो, पटतं, आणि सैनिकांबरोबर निघून जातो. शंका घेणं हे त्याचं काम होतं, आणि सिनेमाने त्याला नेमकं त्याच कामासाठी ठेवला होता. प्रेक्षकाच्या मनातली शंका त्याच्या तोंडून वदवायची आणि मग त्याच्यासकट ती विरघळवून टाकायची. अडीच तास चाललंय ते एवढंच, ‘म्हणे’चं उच्चाटन. कच्चा प्रचारक विरोधी बाजू लपवतो. पक्का प्रचारक तिला खुर्ची देतो, पाणी विचारतो.

या सिनेमाचा शेवट जगभर चेष्टेचा विषय झाला. वेन एका व्हिएतनामी अनाथ पोराचा हात धरून समुद्रकिनाऱ्याने चालतो आणि समोर पाण्यात सूर्य बुडतो. तो किनारा पूर्वेकडचा. तिथे समुद्रात सूर्य उगवतो! पेंटागॉनने तपासलेल्या सिनेमात सूर्याची बाजू तपासायची राहिली. पण खरं सांगू का, या चुकीबद्दल मला थोडी मायाच वाटते. सगळं बेतलेलं असताना एवढी एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली, आणि नकाशा माहीत असलेल्या कुणालाही तिथे ‘म्हणे’ ऐकू आलं.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘फुल मेटल जॅकेट’मध्ये (१९८७) लष्करी वर्तमानपत्राच्या कचेरीतला एक प्रसंग आहे. काही मिनिटांचाच. पण डेस्कवर काम केलेल्या माणसाला तो प्रशिक्षणातल्या कुरूप शिव्यांपेक्षा जास्त बोचतो. संपादक असलेला लेफ्टनंट सूचना देतो : ‘शोधा आणि नष्ट करा’ असं यापुढे लिहायचं नाही, ‘झाडून साफ करा’ लिहायचं. एका बातमीत शत्रूचा एकही माणूस मेलेला नाही, तर एखादा मारून टाक, अधिकारी असेल तर उत्तम. सगळे हसतखेळत हे करतात. कुणी खलनायकासारखं बोलत नाही. कचेऱ्या अशाच असतात. मला माझा ऑपरेटर आठवला. ‘ताई, ते शेवटचं काढा की.’ (हा व्हिएतनामसुद्धा लंडनजवळच्या एका बंद पडलेल्या गॅस कारखान्यात उभा केलेला आहे. ताडाची झाडं स्पेनमधून आणली होती. वेनच्या जॉर्जियातल्या पाइनवर हसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.)

आता मुख्य गोष्टीकडे येते. ‘अंडर फायर’. १९८३ चा, रॉजर स्पॉटिसवुडचा सिनेमा. आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो.

निकाराग्वा, १९७९. हुकूमशहा सोमोसाची सत्ता डळमळते आहे. निक नोल्टीने केलेला प्राइस नावाचा छायाचित्रकार सुरुवातीला म्हणतो, मी बाजू घेत नाही, मी फोटो घेतो. बंडखोरांचा नेता राफाएल कुणाला कधी दिसलेला नाही. सरकार जाहीर करतं की तो मारला गेला. तो मेला तर बंड मोडेल, अमेरिकेची शस्त्रं सोमोसाला मिळतील. बंडखोर प्राइसला डोंगरात नेतात. राफाएल खरंच मेलेला असतो. आणि ते त्याला सांगतात, याचा जिवंत असल्यासारखा फोटो काढ.

सरकार खरं बोलत होतं, बरं का. सगळ्या सिनेमात सरकारने सांगितलेली हीच एक महत्त्वाची गोष्ट खरी आहे.

प्राइस फोटो काढतो. मेलेल्या माणसाला जिवंत असल्यासारखं बसवून. फोटो जगभर छापून येतो, बंड टिकतं. पण दिग्दर्शकाने इथे थांबायची सोपी वाट घेतलेली नाही. त्याच प्राइसने बंडखोरांच्या तळावर काढलेले दुसरे फोटो, अगदी खरे, निर्मळ, हौसेने काढलेले, एका फ्रेंच हेराच्या हाती लागतात. त्यांवरून माणसं ओळखली जातात आणि एकेक करून मारली जातात. खोट्या फोटोने माणसं वाचली, खऱ्या फोटोंनी मेली. मग तो खोटा फोटो बघून प्राइसचा जुना पत्रकार मित्र राफाएलची मुलाखत मिळेल म्हणून परत येतो आणि रस्त्यात नॅशनल गार्डचा शिपाई त्याला गोळी घालतो. प्राइस दुरून त्याचेही फोटो काढतो. हे खरे. आणि अमेरिकेचं मन फिरतं ते या फोटोंनी. इस्पितळात एक स्थानिक बाई म्हणते, आमचे पन्नास हजार मेले आणि आता एक अमेरिकन; पन्नास वर्षांपूर्वीच एखादा अमेरिकन पत्रकार मारायला हवा होता.

हा शेवटचा भाग घडलेला आहे. एबीसी वाहिनीचा वार्ताहर बिल स्ट्युअर्ट याला २० जून १९७९ रोजी मानाग्वामध्ये नॅशनल गार्डच्या शिपायाने रस्त्यावर पालथं झोपवून गोळी घातली. त्याच्या सहकाऱ्याने गाडीतून ते चित्रित केलं आणि अमेरिकेने ते रात्रीच्या बातम्यांत पाहिलं. महिन्याभरात सोमोसा देश सोडून पळाला. त्या दिवशी स्ट्युअर्टबरोबरचा निकाराग्वी दुभाषाही मारला गेला होता, त्याचं मरण कॅमेऱ्यात नव्हतं. सिनेमातही नाही.

सिनेमा संपल्यावर क्लबात नेहमीचा वाद झाला. फोटो काढला ते बरोबर की चूक? एक जण म्हणाला, हुकूमशहाविरुद्ध सगळं माफ. दुसरा म्हणाला, एकदा खोटा फोटो काढला की त्याचे आधीचे सगळे फोटो खोटे. मी तेव्हा दुसऱ्याच्या बाजूने होते, तावातावाने. आज त्याच्या अर्धवट बाजूने आहे. कारण नंतर मला टांगाइलची गोष्ट कळली.

११ डिसेंबर १९७१. आमच्या ओसरीवर रेडिओ ऐकला जात होता त्याच आठवड्यात पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ भारताने छत्रीधारी सैनिक उतरवले. पुंगली पूल ताब्यात घ्यायचा आणि माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांची ढाक्याची वाट अडवायची, हे काम. उतरली ती एक बटालियन, म्हणजे हजाराच्या आतली माणसं. पण परदेशी वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर आलं ते पाच हजार, अख्खा ब्रिगेड. सोबत फोटो : आभाळभर छत्र्या. तो फोटो टांगाइलचा नव्हताच. तो आग्र्याच्या सरावाचा होता, आधी काढलेला. लष्कराच्या जनसंपर्काचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यानेच ही गोष्ट पुढे सांगून टाकली. फोटो खरा, छत्र्या खऱ्या, सैनिकही खरे. खाली ‘जुना फोटो’ एवढे दोन शब्द तेवढे नव्हते. युधिष्ठिराने निदान ‘कुंजरो वा’ तोंडाने म्हटलं तरी होतं, ते शंखाच्या आवाजात बुडालं ही गोष्ट वेगळी. इथे ते म्हटलंच गेलं नाही.

पाच दिवसांनी ढाका पडलं. शरणागतीला कारणं अनेक होती. नद्या ओलांडत चारी बाजूंनी आलेलं सैन्य, हवेतला पूर्ण ताबा, मुक्तिवाहिनी, शरण या म्हणून रेडिओवरून आणि पत्रकांतून सतत दिलेले इशारे. त्यात त्या फोटोचा वाटा किती, कुणी तोलून सांगावं?

पण माझ्यासाठी ही गोष्ट इतिहासाची नव्हती. जमालपूरकडून खाली येऊन पुंगलीच्या पुलापाशी त्या छत्रीधाऱ्यांना जी पलटण जाऊन मिळाली ती पहिली मराठा. आमच्या आतोबांची.

ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते. युद्धाबद्दल बोलायचे नाहीत. विचारलं की थंडी किती होती आणि चहा कसा मिळत नव्हता एवढंच सांगायचे. मी त्यांना त्या फोटोचं सगळं सांगितलं आणि विचारलं, ‘किती जण उतरले होते हो?’

‘मोजायला कोण बसलंय? पण पाच हजार नव्हते.’ मग बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. ‘समोरच्यानं तो फोटो खरा धरला, तर लढाई दोन दिवस आधी संपली असंल. दोन दिवसांत आमच्यातली किती पोरं गेली असती... ’ आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘असं आपलं म्हणतात.’

मी क्लबातल्या त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने अजूनही आहे. खोटा फोटो पत्रकाराने काढू नये. पण आता ते मला जरा हळू आवाजात म्हणावंसं वाटतं, कारण मी ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली तो माणूस कदाचित दोन शब्द गाळल्यामुळे परत आला. आणि एवढा फरक मात्र आहे : टांगाइलच्या फोटोत शब्द गाळले ते सैन्याने, ज्याचं कामच शत्रूला चकवणं आहे. ते परत घालायचे की नाही हे बघणं वर्तमानपत्राचं काम होतं. कुणी आग्र्याला फोन केला नाही. आमच्या डेस्कवर आला असता तर मीही केला नसता. चार कॉलम लावला असता.

‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’वर खरं तर वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच की अल्जीरियातल्या फ्रेंचांविरुद्धच्या बंडावरचा १९६६ चा तो सिनेमा इतका बातमीपटासारखा दिसतो की यात खऱ्या बातमीपटाचा एक फूटही नाही अशी पाटी त्याला लावावी लागली. मला माहीत असलेलं, सिनेमाने स्वतः म्हटलेलं हे एकमेव ठळक ‘म्हणे’. गंमत अशी की त्यात बंडखोर नेत्याचं काम करणारा सादी यासेफ हा प्रत्यक्षातला बंडखोर नेता होता, आणि तोच निर्मात्यांपैकी एक. पाटी खरी, तरी माणूस अस्सल! २००३ मध्ये इराकच्या वेळी पेंटागॉनने आपल्या अधिकाऱ्यांना तोच सिनेमा दाखवला.

‘द किलिंग फील्ड्स’ (१९८४) मी इतक्यांदा पाहिलाय की त्याच्याबद्दल तटस्थ राहणं मला जमणार नाही. न्यूयॉर्क टाइम्सचा सिडनी शॅनबर्ग आणि त्याचा कंबोडियन सहकारी डिथ प्रान. १९७३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बी-५२ विमानाने चुकून न्याक लुआंग या आपल्याच बाजूच्या गावावर बॉम्ब टाकले, शंभराहून अधिक माणसं मेली. पत्रकारांना तिकडे सोडत नव्हते. प्रान होडीची सोय करतो, दोघे पोचतात. ‘कोण म्हणालं’ हे लिहायचं तर आधी तिथे जावं लागतं, आणि नेणारा माणूस नेहमी तिथलाच असतो. १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नोम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती पडलं. परदेशी पत्रकार फ्रेंच वकिलातीतून बाहेर पडले. प्रानसाठी ब्रिटिश पासपोर्टाची खटपट झाली, ती साधली नाही. सिनेमात त्याच्या धडपडून काढलेल्या फोटोतला चेहरा पासपोर्टावर नाहीसा होतो. युद्धपटांतल्या सगळ्या स्फोटांपेक्षा मला तो चेहरा हरवलेला कागदाचा तुकडा जास्त भयानक वाटतो.

पुढची चार वर्षं प्रान खोटं बोलून जगतो. शिकलेला माणूस दिसला की ख्मेर रूज मारत होते, म्हणून तो टॅक्सीवाला होतो, इंग्रजी-फ्रेंच विसरतो. इकडे त्याच्या मित्राला त्या दोघांच्या कामाबद्दल पुलित्झर मिळतं. एक जण खरं सांगून पारितोषिक घेतोय आणि दुसरा खोटं सांगून श्वास. प्रानचं काम करणारा हाइंग न्गोर नट नव्हता, डॉक्टर होता, स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि त्याच छळछावण्यांतून वाचलेला. डॉक्टर असल्याचं कळलं तर मरण, म्हणून बाळंतपणात अडलेल्या स्वतःच्या बायकोवर त्याला उपचार करता आले नाहीत. ती गेली. ऑस्कर मिळालं त्याला, पण त्या पडद्यावरच्या चेहऱ्याला मी अभिनय म्हणत नाही. आत्याच्या भाषेत सांगायचं तर त्याला ‘म्हणे’ लागत नाही.

आणि तरीही. त्या सिनेमात छायाचित्रकार अल रॉकॉफ हे खरं पात्र आहे, जॉन माल्कोविचने केलेलं, आणि प्रत्यक्षातल्या रॉकॉफला ते मुळीच मान्य नव्हतं. सत्यकथेवरच्या सिनेमातलं एक जिवंत पात्र उभं राहून म्हणालं, मी असा नव्हतो. शेवटी जॉन लेननचं गाणं वाजतं तेही मला खटकतं. दोन मित्र भेटतात तिथे काहीच वाजायला नको होतं.

आजवर मी समजत होते की प्रचार म्हणजे ‘म्हणे’ पुसून टाकणं. युक्रेनमधल्या मारियुपोलने हे उलटं करून दाखवलं.

२०२२ च्या मार्चमध्ये एपी वृत्तसंस्थेची युक्रेनी पत्रकारांची लहानशी तुकडी रशियाने वेढलेल्या त्या शहरात राहिली. मस्तिस्लाव चेर्नोव्हने तिथे जे चित्रित केलं त्याचा माहितीपट झाला, ‘२० डेज इन मारियुपोल’. त्यात वीज गेलेली, नेटवर्क गेलेलं, आणि ही माणसं सिग्नलचा एखादा कोपरा शोधत तुकड्या-तुकड्यांनी चित्रफिती बाहेर पाठवतायत. मग लगेच त्याच फिती जगाच्या वाहिन्यांवर, निवेदकांच्या आवाजात, पट्ट्यांसकट. मधला प्रवास दिसतो. बातमी गेली कशी ते दिसतं. वेनच्या वार्ताहराने जे कधी केलं नाही तेच यात पुन्हा पुन्हा आहे.

९ मार्चला प्रसूतिगृहावर हल्ला झाला. स्ट्रेचरवरून नेली जाणारी गर्भवती बाई सगळ्या जगाने पाहिली. ती आणि तिचं बाळ, दोघंही गेली. आणि रशियाकडून सांगितलं गेलं की हे सगळं बनाव आहे, या नट्या आहेत, तिथे रुग्ण नव्हतेच. प्रतिवाद नाही, पुरावा नाही. फक्त त्या फोटोच्या मागे एक शब्द जोडून दिला : म्हणे. प्रसूतिगृह म्हणे. गर्भवती म्हणे.

ज्या शब्दाची मी इतकी वर्षं पालखी वाहिली, तो असाही वापरता येतो हे बघून मी चरकले. आत्या रेडिओला ‘म्हणे’ लावायची, कारण तिचा माणूस तिथे होता आणि तिला खरं हवं होतं. इथे खरं नकोच असलेला तोच शब्द वापरत होता. दोन्हीकडे अक्षरं दोनच. चेर्नोव्ह ऑस्कर घेताना म्हणाला की हा सिनेमा कधी करावाच लागला नसता तर बरं झालं असतं. मला वाटतं तो युद्धाबद्दल बोलत होता. पण हे असं ऐकून घेण्याबद्दलही असेल.

२०२५ च्या मे महिन्यात, ८ तारखेच्या रात्री मी जागी होते. काही वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं. नंतर कळलं की तसं काही झालेलंच नव्हतं, आणि फिरणाऱ्या काही ‘युद्धदृश्यां’त व्हिडिओ गेमची दृश्यंही होती. पण रात्री अकराला, मी जेव्हा पान सोडायचे त्या वेळेला, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आनंदीआनंद होता. आतोबांच्या नातवाने, आठ-नऊ सेकंदांची चित्रफीत टाकली होती. अंधार, केशरी लोळ, मागे कुणाचातरी थरथरता आवाज. खाली त्याने लिहिलं होतं, ‘कराची बंदर खल्लास!!!’

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. ‘तुझे आजोबा असते तर’ असं काहीतरी लिहिलं आणि पुसलं. मोठं काही लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि पोरगं गुणी आहे. शेवटी त्याच्या ओळीखाली फक्त ‘म्हणे’ असं लिहून पाठवलं.

दोन निळ्या खुणा झाल्या. तो काहीतरी लिहितोय असं वर दिसत राहिलं, थांबलं, परत दिसलं. मग त्याचं उत्तर आलं.

‘कोण?’